विहार-तुळशीच्या काठची पायवाट सर्वांसाठी खुली करावी का?

पायपीट:

बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात मी गेली अनेक वर्षे चालायला जातो. शंभर चौरस किलोमीटरहून थोडे अधिक असलेले हे जंगल पश्चिमेला बोरिवली-मालाड आणि पूर्वेला मुलुंड-ठाणे अशा दाट वस्तीच्या मधोमध उभे आहे, आणि तरीही सामान्य माणसाच्या वाट्याला त्यातला मुख्यत्वे एकच रस्ता येतो, तो म्हणजे दरवाजापासून कान्हेरी लेण्यांपर्यंतचा साधारण सहा किलोमीटरचा डांबरी रस्ता. शिलोंड्याची ओढ्याकाठची वाट, कान्हेरीच्या वरच्या पठाराची वाट किंवा घोडबंदरकडची नागला वाट चालायची असेल तर आधी नोंदणी करून मार्गदर्शकाबरोबरच जावे लागते, आणि तेही ठरलेल्या दिवशी. विहार आणि तुळशी या दोन तलावांच्या काठाला तर आपल्याला फिरकताच येत नाही.

माझे म्हणणे असे आहे की या वाटा आठवड्यातून किमान पाच दिवस खुल्या असाव्यात आणि दोन्ही तलावांच्या काठाने, पाण्यापासून पुरेसे अंतर राखून, एकेक पायवाट मर्यादित संख्येत चालणाऱ्यांसाठी खुली करावी. कांदिवलीच्या वन-रूम-किचनमध्ये वाढलेल्या मुलाने आपल्या शहराला पाणी देणारे तळे एकदाही पाहिलेले नसेल, तर उद्या त्या तळ्यावर किंवा जंगलावर संकट आले तेव्हा तो कशासाठी उभा राहील? ज्या जंगलात आपण पायी फिरलेलो नाही त्याच्याविषयी आपल्याला ममत्व वाटत नाही, हे मी माझ्याच इमारतीतल्या माणसांत रोज पाहतो.

पाणवठा:

आपली कळकळ मला समजते, पण प्रस्तावाचा तलावांविषयीचा भाग मला मुळीच मान्य नाही. विहार तलाव १८६० मध्ये आणि तुळशी तलाव १८७९ मध्ये पूर्ण झाला. शहराला पाणी देणाऱ्या सात तलावांपैकी केवळ हे दोनच महापालिकेच्या हद्दीत आहेत. विहारची साठवण क्षमता सुमारे २,७७० कोटी लिटर आणि तुळशीची सुमारे ८०५ कोटी लिटर आहे. तुळशी भरला की त्याचे पाणी विहारकडे उतरते आणि विहार भरून वाहू लागला की ते पाणी मिठी नदीत जाते. शहराच्या रोजच्या गरजेत या दोघांचा वाटा लहान आहे हे खरे, पण ते पाणी पिण्याचे आहे.

आपण मांडलेल्या मुद्द्यात एक महत्त्वाची बाब सुटली आहे. हे जंगल शहराच्या मधोमध आजवर टिकले त्याचे एक मोठे कारण हे तलावच आहेत. पाणलोट क्षेत्रात वस्ती, शेती आणि गुरेचराई होऊ द्यायची नाही, असे पाण्यासाठी ठरले आणि त्या बंदीच्या आडोशाने झाडे वाढली. म्हणजे माणसाने तिथे न जाणे हेच या जंगलाच्या मुळाशी आहे. ज्या निर्बंधामुळे हा काठ आजवर शांत राहिला, तोच निर्बंध आता प्रेमापोटी सैल करावा असे आपण म्हणत आहात. शिवाय दोन्ही तलावांत मगरी आहेत. दलदलीच्या काठाने त्या उन्हात पडून राहतात आणि पावसाळ्यानंतरच्या वाढलेल्या गवतात त्या दहा पावलांवरूनही दिसत नाहीत.

कारवी:

पाणवठा यांच्याशी मी सहमत आहे, आणि मला तलावांइतकीच डोंगरउतारांचीही काळजी वाटते. २०२४ मध्ये इथली कारवी, म्हणजे डोंगरउतारांवर वाढणारे झुडूप, फुलली. ती आठ वर्षांतून एकदाच फुलते. याआधीचा बहर २००८ आणि २०१६ चा होता. मी मार्गदर्शकाबरोबर वरच्या पठारावर गेले होते. वाटेच्या दोन्ही बाजूंना जांभळ्या रंगाचे ताटवे होते, त्यांवर मधमाश्यांचा अखंड गुणगुणाट चालू होता आणि बोट लावले तर कळीभोवतीचा चिकट, उग्र वासाचा द्रव बोटाला लागत होता. त्याच वाटेवर दोन ठिकाणी उतारावरची कारवी तुडवली जाऊन आडवी झालेली दिसली, कारण कोणीतरी छायाचित्रासाठी झुडपांच्या मधोमध जाऊन उभे राहिले होते, आणि त्याच्या मागून आणखी काही जण गेले असणार. कारवी फुलल्यावर मरते आणि तिचे बी गळून पुढची पिढी उगवते. ज्या उतारावर बी धरण्याआधीच झाडे मोडली, त्या उतारावर त्या बहराचे बी पडलेच नाही. त्यांपैकी किती जणांना हे ठाऊक होते कोण जाणे, पण मार्गदर्शकाने आमच्या गटाला ते पहिल्याच वळणावर सांगितले होते.

म्हणून मार्गदर्शकाशिवाय एकही वाट खुली होऊ नये असे माझे ठाम मत आहे. वाट मोकळी झाली की लोक वाटेवर राहत नाहीत. ओढा दिसला की तिकडे उतरतात, आणि वर्षभरात एका पायवाटेच्या चार होतात.

भांडुपकर:

मी या जंगलाच्या पूर्वेकडच्या भिंतीला लागून राहतो, त्यामुळे वरच्या चर्चेत एक गोष्ट जोडणे मला आवश्यक वाटते. आपण सगळे असे बोलत आहोत की जणू वाट खुली केली नाही तर कोणी आत जाणार नाही. पावसाळ्यातला कोणताही रविवार घ्या. मुलुंड, भांडुप, मालाड, येऊर अशा सर्व बाजूंनी, भिंतीच्या तुटलेल्या भागातून, शेकडो मुले ओढ्यांवर आणि धबधब्यांवर जातात. त्यांच्याबरोबर ना मार्गदर्शक असतो, ना कोणाला ते गेल्याचे ठाऊक असते. आमच्या वसाहतीतला एक मुलगा तीन वर्षांपूर्वी असाच गेला होता. वर पाऊस झाला आणि खाली त्याच्या घोट्याइतका असलेला ओढा काही मिनिटांत कमरेपर्यंत आला. कवशीच्या एका झाडाला धरून तो तासभर उभा राहिला, आणि त्याचा मित्र धावत पाड्यावर गेला म्हणून तो वाचला. दोर घेऊन आलेले दोघे जण वारली होते. ओढ्याचे पाणी गढूळ झाले आणि त्यात पाने वाहून येऊ लागली की लगेच काठावर चढायचे, हे त्यांनी त्याला काठावर आणल्यावर सांगितले. हे त्याला शाळेत, घरी, कुठेच कोणी सांगितलेले नव्हते.

बंदी घातलेल्या जागी लोक जातात, आणि न शिकलेले लोक जातात. मला शिकवणारी वाट हवी आहे.

पाणवठा:

भांडुपकर, आपण सांगितलेला प्रसंग अंगावर येणारा आहे. परंतु भिंत तुटलेली आहे म्हणून दरवाजा उघडावा, हे मला पटत नाही. तुटलेली भिंत बांधावी आणि पावसाळ्यात तिथे वनरक्षक उभे करावेत, हा त्यावरचा पहिला उपाय आहे.

बिबट्याचा मुद्दा अजून कोणी मांडलेला नाही. कॅमेरा ट्रॅपने केलेल्या मोजणीत २०१५ मध्ये या परिसरात ३५ आणि २०१८ मध्ये ४७ बिबटे आढळले. एवढ्याशा जागेत इतके बिबटे माणसांच्या शेजारी राहतात, ते वेळेच्या वाटणीवर. दिवसा आपण ज्या वाटेने चालतो, त्याच वाटेने ते रात्री चालतात. वाटा वाढवल्या आणि पहाटेच्या अंधारातच लोकांना आत सोडले, तर ही वाटणी मोडेल. २००४ च्या पावसाळ्यात बिबट्यांच्या हल्ल्यांत किती माणसे गेली आणि त्यानंतर शहराने या प्राण्याकडे कोणत्या नजरेने पाहिले, हे मी विसरलेलो नाही.

पायपीट:

आपणा सर्वांचे मुद्दे दोन दिवस मनात घोळवले आणि तलावांविषयीची मागणी मी मागे घेतो. जंगल तलावांच्या निर्बंधामुळे टिकले हा पाणवठा यांचा मुद्दा मला निरुत्तर करणारा आहे. काठ बघायचाच असेल तर लांबच्या एखाद्या उंचवट्यावरून बघावा, एवढेच मी म्हणेन.

दुसरी मागणी मात्र मी सोडत नाही, फक्त ती आता अधिक नेमकी मांडतो. वाटा नव्या काढू नयेत, आहेत त्याच वापराव्यात. उजाडल्यानंतरच आत जावे आणि दिवस मावळण्याआधी बरेच आधी बाहेर पडावे. गट दहा-बारा जणांचा असावा आणि बरोबर मार्गदर्शक असावाच. पण हे आठवड्यातून पाच दिवस व्हावे, आणि मार्गदर्शक म्हणून नवापाडा, तुमणीपाडा अशा पाड्यांवरच्या वारली तरुणांना रीतसर प्रशिक्षण देऊन नियमित पगारावर घ्यावे. शिलोंड्याच्या वाटेवर गेल्या वर्षी आमच्या पुढे चालणारा तरुण एका ठिकाणी थांबला आणि काठीने जमिनीकडे दाखवून म्हणाला, "हे रात्रीचे आहे." बिबट्याच्या वाळलेल्या विष्ठेत पांढरे-तपकिरी केस होते. ते भटक्या कुत्र्याचे असावेत असे त्याने सांगितले, आणि पाड्याच्या कडेला कचरा पडला की कुत्रे वाढतात व कुत्र्यांच्या मागे बिबट्या येतो, हेही त्याने तिथेच समजावले. माझ्याबरोबरच्या दोघांनी त्याच आठवड्यात आपल्या इमारतीच्या मागचा उघडा कचरा बंद करायला लावला. अशी माणसे तयार व्हायला एका मोसमातल्या चार रविवारच्या वाटा पुरणार नाहीत.

कारवी:

पाच दिवसांना माझा विरोध नाही, मात्र सलग दोन दिवस एकाच वाटेवर गट जाऊ नये आणि जून ते सप्टेंबर ओढ्याकाठची वाट पूर्ण बंद असावी.

भांडुपकर:

जून ते सप्टेंबर बंद ठेवली तर याच चार महिन्यांत भिंतीतून आत जाणारी मुले कोणाकडून शिकणार? वाट ओढ्यापासून वर, पठारावरून घ्यावी, पण बंद करू नये. पावसाचा अंदाज पाहून त्या दिवशीचा निर्णय मार्गदर्शकाने घ्यावा.

पाणवठा:

पठारावरची वाट आणि त्या दिवशीचा निर्णय मार्गदर्शकाच्या हाती, एवढे मला मान्य आहे. ओढ्याकाठच्या वाटेबाबत मी कारवी यांच्या बाजूने आहे. तलावांची मागणी मागे घेतल्याबद्दल पायपीट यांचे आभार.