अनुभव धागा : गावाकडची म्हातारी माणसं घराबाहेर पडतात का?

जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या मंडळींनो, तुमच्या घरातल्या ज्येष्ठांचं गावात मिसळणं कशामुळे टिकलं किंवा तुटलं, ते लिहा. सल्ले नकोत, घडलं ते हवं.

धरणगावकडून : आमच्याकडे नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई, म्हणजे आमची खान्देशातली देवी, बसते. सुरत-पुण्याचे भाऊबंद रोटांसाठी, म्हणजे तिच्या प्रसादासाठी, गावी येतात. गुडघे गेल्यापासून आजी जागरणाला यायची नाही. विचारलं की म्हणायची, "आते मन्हं काय काम शे तठे?" (आता माझं काय काम आहे तिथे?) मागे एकदा धाकट्या काकूने तिला देवीसमोर खुर्चीत बसवलं आणि म्हणाली, गाणी तुम्हीच सांगा, आम्हाला पहिल्या कडव्यापुढे येत नाही. खरंच येत नव्हतं. डीजे बंद करायला लावला. पहाटेपर्यंत आजी सांगत होती, सुना मागून म्हणत होत्या. कुणाचा शब्द चुकला की टाळी थांबवून परत म्हणायला लावायची. आता श्रावण लागायच्या आधीच गल्लीतल्या पोरी वही घेऊन तिच्याकडे येतात. नुसता मान देऊन बसवलं असतं तर ती लगेच उठून गेली असती, असं मला मनापासून वाटतं.

शहाद्याहून : वडिलांनी पारावर जाणं सोडलं. आम्ही म्हटलं, वय झालं. दुखणं कानाचं होतं. चार जण एकदम बोलले की कळत नाही, भलतंच उत्तर जातं, लोक हसतात. श्रवणयंत्र आणलं, पण गलक्यात त्याचा फार उपयोग होत नाही. शेवटी त्यांचा एक जुना मित्र त्यांच्या बऱ्या कानाच्या बाजूला बसायला लागला. विषय बदलला की तो सांगतो. आता रोज जातात.

अमळनेर तालुक्यातून : पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून एसटी मोफत आहे. मोठी सोय झाली. पण आमच्या गावात गाडीच येत नाही. वैशाखात सखाराम महाराजांच्या यात्रेला जायचं तर फाट्यापर्यंत सोडायला आईला कुणाची तरी मोटारसायकल शोधावी लागते.

यावलहून : देवळात संध्याकाळी हरिपाठ असतो, पण म्हाताऱ्या बायका यायच्या बंद झाल्या होत्या. १ मेच्या ग्रामसभेत आत्या उठली : गल्लीत अंधार आहे, गटारीवर फरशी नाही, आम्ही पडलो तर उचलणार कोण? आधी बाकीचे विषय झाले, तरी ती खाली बसली नाही. पावसाळ्याआधी दिवा लागला. फरशी अजून बाकी आहे. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेला हरिपाठाच्या सगळ्या जणी मिळून जाणार आहेत.