घरच्या मीडिया संगणकासाठी डिस्क कोणती घ्यावी आणि बॅकअपची मांडणी कशी करावी?

प्रश्न – संग्राहक

नमस्कार. आमच्या घरी टीव्हीला जोडलेला एक छोटा संगणक आहे. त्यावर लिनक्स आणि जेलीफिन (घरच्या साठ्यातले चित्रपट-संगीत टीव्हीवर दाखवणारा प्रोग्राम) बसवलेले असून गाणी, चित्रपट, छायाचित्रे असे सगळे त्यावरच पाहिले-ऐकले जाते. आत २५० जीबीची एसएसडी (फिरती चकती नसलेली, चिपवर साठवणारी डिस्क) आहे. बाकीचा साठा मात्र यूएसबीने जोडलेल्या ४ टीबीच्या एकाच हार्ड डिस्कवर आहे. त्यात आमच्याच डीव्हीडी आणि ब्लू-रेवरून उतरवलेले सुमारे २.७ टीबी चित्रपट, ३०० जीबी फ्लॅक (ध्वनीचा दर्जा न घटवणाऱ्या) स्वरूपातले संगीत आणि ४०० जीबी घरगुती छायाचित्रे व चित्रफिती आहेत. या शेवटच्या भागात जुन्या व्हिडिओ कॅसेटवरून उतरवून घेतलेले चित्रीकरणही आहे, आणि त्या कॅसेट आता चालण्याच्या स्थितीत राहिलेल्या नाहीत.

डिस्क भरत आली आहे आणि तिची दुसरी प्रत कुठेही नाही, म्हणून आता नीट व्यवस्था लावायची आहे. दोन डिस्कचा नॅस (घरच्या नेटवर्कला जोडलेली साठ्याची पेटी) घेऊन त्यावर रेड १ (दोन्ही डिस्कवर तोच मजकूर ठेवण्याची मांडणी) केले, तर जागेचा आणि बॅकअपचा असे दोन्ही प्रश्न एकदमच सुटतील का? हार्ड डिस्कऐवजी मोठी एसएसडी घ्यावी का? आणि सगळा साठा क्लाउडवर ठेवणे व्यवहार्य आहे का?

उत्तर – जुनी_चकती

बॅकअपचा प्रश्न रेड १ ने सुटत नाही, हे आधी स्पष्ट सांगतो, कारण याच गैरसमजातून अनेकांची छायाचित्रे कायमची गेलेली आहेत. रेड १ मध्ये प्रत्येक गोष्ट दोन्ही डिस्कवर एकाच वेळी लिहिली जाते. त्यामुळे घरातल्या कोणी चुकून एखादे फोल्डर पुसले, तर ते दोन्हीकडून त्याच क्षणी जाते. रॅन्समवेअरने फायली कुलूपबंद केल्या, तर दोन्ही प्रती सारख्याच निरुपयोगी होतात. आणि चोरी, आग किंवा विजेचा झटका यांपैकी काहीही झाले, तरी एकाच पेटीतल्या दोन्ही डिस्क एकत्र जाण्याची शक्यता असते. पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांच्या १९८८ सालच्या ज्या शोधनिबंधामुळे रेड ही कल्पना रूढ झाली, त्यातही विचार होता तो डिस्क बंद पडली तरी काम चालू कसे राहील याचा. कार्यालयाच्या सर्व्हरला त्याची गरज असते. घरच्या मीडिया संगणकाचे तसे नाही. डिस्क बिघडल्यावर नवी आणून प्रत उतरवेपर्यंत दोन दिवस चित्रपट पाहता आला नाही, तर कोणाचेही नुकसान होत नाही.

म्हणून दोन डिस्क अवश्य घ्या, पण दुसरी डिस्क पहिलीचा आरसा म्हणून सतत चालू ठेवण्यापेक्षा बॅकअप म्हणून वापरा आणि प्रत घेऊन झाली की काढून कपाटात ठेवा. खर्च तितकाच होतो आणि संरक्षण कितीतरी अधिक मिळते. नॅसला माझा विरोध नाही. घरात तीन-चार ठिकाणी एकाच वेळी पाहणारे असतील, तर तो सोयीचा ठरतो. पण एका टीव्हीसाठी आपला सध्याचा संगणक पुरेसा आहे.

आता साठ्याचे मोल वेगवेगळे आहे, हे लक्षात घ्या. चित्रपट पुन्हा उतरवता येतील. ते काम कंटाळवाणे आहे, म्हणून त्यांचीही एक प्रत असावी, पण ती एकच पुरे. त्या ४०० जीबीला मात्र पर्याय नाही. त्याच्या मूळ धरून तीन प्रती असाव्यात आणि त्यांपैकी एक घराबाहेर असावी, मग ती नातेवाइकांकडे ठेवलेली डिस्क असो किंवा क्लाउड. क्लाउडचे गणित वेगावर ठरते: अपलोडचा वेग १० एमबीपीएस (सेकंदाला १० मेगाबिट; आठ बिट म्हणजे एक बाइट) असेल, तर ४०० जीबी चढवायला जेमतेम चार दिवस लागतात, तर सगळे ३.४ टीबी चढवायला महिनाभर. म्हणून क्लाउडवर फक्त घरगुती भाग पाठवावा, असे माझे मत आहे. त्यासाठी रेस्टिक हा बॅकअपचा प्रोग्राम वापरा. ते आपल्याच संगणकावर मजकूर कूटबद्ध करून मग पाठवते आणि प्रत्येक वेळची स्थिती स्वतंत्र जपते, त्यामुळे मागच्या महिन्यात बिघडलेली फाइल त्याआधीच्या प्रतीतून परत मिळते. नुसत्या सिंक करणाऱ्या (दोन्ही ठिकाणे सतत सारखी ठेवणाऱ्या) सेवेवर विसंबू नका, कारण इकडे पुसलेले ती तिकडेही पुसते. रेस्टिकचा परवलीचा शब्द कागदावर लिहून संगणकापासून दूर ठेवा. तो हरवला, तर प्रत असूनही ती उघडता येत नाही.

एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. जेलीफिनचा डेटाबेस, म्हणजे कोणी काय पाहिले, कोणत्या याद्या केल्या, कोणते पोस्टर निवडले ही सगळी माहिती आतल्या एसएसडीवर असते. जेलीफिन थांबवून त्या फोल्डरचीही प्रत घेत जा.

उत्तर – कोरी_तबकडी

वरील मताशी मी सहमत आहे. डिस्कच्या निवडीबद्दल थोडे सविस्तर लिहितो.

चित्रपट पाहण्यासाठी हार्ड डिस्क पुरेशी आहे. फोर-के ब्लू-रेचा कमाल वेग १२८ एमबीपीएस असतो, म्हणजे सेकंदाला १६ एमबी. साधी डेस्कटॉप डिस्कही सलग वाचताना याच्या कितीतरी पट वेग देते. मोठ्या एसएसडीने चित्र अधिक चांगले दिसणार नाही. सिस्टीम आणि डेटाबेससाठी आहे ती एसएसडी योग्यच आहे. शिवाय कपाटात महिनोन्‌महिने विजेविना पडून राहणाऱ्या प्रतीसाठी एसएसडी हे योग्य माध्यम नव्हे, कारण तिच्या पेशींमधला विद्युतभार हळूहळू झिरपत जातो. जोडणी मात्र यूएसबी ३ चीच असू द्या. ३.४ टीबीची पहिली प्रत सेकंदाला १२० एमबी या वेगाने आठ तासांत होते. यूएसबी २ वर सेकंदाला ३५ एमबी मिळाले, तरी २७ तास लागतात.

डिस्क घेताना ती सीएमआर (पट्टे एकमेकांवर न चढवता लिहिणारी) आहे की एसएमआर, हे उत्पादकाच्या माहितीपत्रकात पाहा. एसएमआरमध्ये चुंबकीय पट्टे छपरावरच्या कौलांप्रमाणे एकमेकांवर थोडे चढवलेले असतात, त्यामुळे एक पट्टा बदलायचा तर शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात आणि दीर्घ लेखनात वेग फारच घसरतो. नॅससाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या काही डिस्क एसएमआर असल्याचे २०२० मध्ये उघड झाले, तेव्हा रेड पुन्हा उभारताना त्या अडखळत असल्याचा अनुभव पुष्कळांना आला होता. रोजच्या वापरासाठी सीएमआर घ्या. बॅकअपला एसएमआर चालेल, कारण चित्रपट एकदा लिहिला की तो सहसा बदलत नाही.

फाइल सिस्टीमबद्दल, म्हणजे डिस्कवर फायली मांडण्याच्या पद्धतीबद्दल: एक्सफॅट या पद्धतीत जर्नल (बदलांची आधी केलेली नोंद) नसते, त्यामुळे लिहिताना वीज गेली तर धोका अधिक. मी घरगुती छायाचित्रांसाठी बीटीआरएफएस ही फाइल सिस्टीम सुचवेन. ती प्रत्येक भागाची चेकसम (मजकूर बदलला का हे ओळखणारा आकडा) जपते आणि स्क्रब (सगळा साठा वाचून करायची पडताळणी) चालवल्यावर नेमकी कोणती फाइल खराब झाली ते सांगते. एकाच डिस्कवर ती फाइल दुरुस्त होणार नाही, पण चांगली प्रत अजून शाबूत असतानाच ती परत आणता येईल.

संग्राहक

दोघांचेही मनःपूर्वक आभार. नॅसचा विचार सोडला. ८ टीबीच्या दोन डिस्क आणि घराबाहेर ठेवण्यासाठी १ टीबीची एक लहान डिस्क असे ठरवत आहे. चित्रपटांची प्रत आरसिंकने (एका डिस्कवरचे बदल दुसरीवर उतरवणाऱ्या साधनाने) घेऊ का? मूळ डिस्कवर नसलेल्या फायली प्रतीतूनही पुसणाऱ्या त्यातल्या डिलीट पर्यायाची भीती वाटते. आणि नव्या डिस्क येईपर्यंत सध्याच्या डिस्कची तपासणी कशी करावी?

उत्तर – जुनी_चकती

स्मार्टसीटीएल या आज्ञेने डिस्कने स्वतःच्या प्रकृतीची ठेवलेली नोंदवही पाहा. यूएसबीमधून माहिती येत नसेल, तर उपकरणाचा प्रकार ‘सॅट’ द्यावा लागतो. ५, १९७ आणि १९८ या तीन क्रमांकांच्या ओळींमधले शेवटचे मूळ आकडे शून्य असावेत. १९७ म्हणजे वाचता न येणारे, निर्णयाच्या प्रतीक्षेत असलेले सेक्टर (डिस्कवरचे लहान कप्पे). तिथे शून्याहून अधिक आकडा दिसला, तर लांबलचक चाचणी चालवून डिस्कला आणखी ताण देऊ नका. आधी ते ४०० जीबी जिथे जागा मिळेल तिथे उतरवून घ्या.

आरसिंक चालेल. डिलीट पर्यायाची भीती मात्र रास्त आहे, आणि खरा धोका कुठे आहे तो सांगतो. मूळ डिस्क काही कारणाने माउंट झाली नाही, म्हणजे सिस्टीमने ती वापरासाठी जोडून घेतली नाही, तर तिच्या जागी रिकामे फोल्डर उरते. आरसिंकच्या दृष्टीने आपण सगळे पुसून टाकलेले असते आणि ते बॅकअपही तितक्याच निष्ठेने रिकामा करते. उलट बॅकअपची डिस्क माउंट नसेल, तर सगळी प्रत आतल्या छोट्या एसएसडीवर उतरू लागते आणि ती भरून संगणकच अडतो. म्हणून स्क्रिप्टच्या सुरुवातीला दोन्ही डिस्क माउंट आहेत का हे तपासा आणि नसतील तर तिथेच थांबवा. पुसल्या जाणाऱ्या किंवा बदललेल्या फायली बाजूला ठेवण्यासाठी बॅकअप-डिर पर्याय द्या, आणि पहिल्या वेळी ड्राय-रन (काहीही न बदलता केलेली नुसती रंगीत तालीम) करून यादी स्वतः वाचा.

उत्तर – कोरी_तबकडी

एक भर घालतो. घराबाहेरची डिस्क कूटबद्ध असू द्या, कारण ती आपल्या नजरेआड असणार. ती अदलाबदलीसाठी परत आली की केवळ नवी प्रत चढवून पाठवू नका. रेस्टिकच्या तपासणीत प्रत्यक्ष मजकूर वाचण्याचा पर्याय आहे, तो चालवा. मग कॅसेटवरून उतरवलेली एखादी चित्रफीत दुसऱ्याच संगणकावर पुनर्स्थापित करून सुरुवात, मध्य आणि शेवट असे तिन्ही ठिकाणी पाहा, आणि त्यानंतरच ती डिस्क पुन्हा बाहेर जाऊ द्या.