जुनी जर्मन गाडी घ्यायची आहे, बजेट २४ लाख. मुंबईतल्या सर्व्हिसचा खरा अनुभव सांगा

मुलुंड_पूर्व
नमस्कार मंडळी. इथे दोन वर्षं नुसता वाचत होतो, आज विचारायची वेळ आली आहे.

बाबांनी २६ वर्षं वाळकेश्वरच्या एका शेठकडे ड्रायव्हरची नोकरी केली. १९९६ पासून त्यांच्या हातात मर्सिडीजची ई-२२० होती, पुण्यात टेल्कोबरोबर बनायची ती डब्ल्यू-१२४. अजूनही त्या गाडीचा विषय निघाला की बाबा अर्धा तास बोलतात. जानेवारीत त्यांना ७० पूर्ण होतील. इतकी वर्षं पुढे बसून दुसऱ्याला फिरवलं, आता आपल्या घरच्या गाडीत त्यांना मागे बसवायचं आहे. एवढंच मनात आहे.

बजेट २४ लाख, सगळं धरून. म्हणजे गाडी, ट्रान्सफर, इन्शुरन्स आणि पहिल्या वर्षाचा मेंटेनन्स. यापुढे एक रुपया नाही. रोज मुलुंड ते बीकेसी, जाऊन-येऊन ४० किमी. महिन्यातून एकदा संगमेश्वर. २०१८ ची ई-क्लास लाँग व्हीलबेस डिझेल पाहिली आहे, आणि एक २०१९ ची लहान जर्मन सेडान, पेट्रोल. शोरूमची सर्व्हिस परवडते का, की बाहेरचं गॅरेज? गाडी सोसायटीच्या मेकॅनिकल पार्किंगमध्ये लागेल.

पार्लेकर
घेऊ नका. माझ्या मेहुण्याने घेतली होती, दीड वर्षात विकली. मी टोयोटाची इनोव्हा हायक्रॉस घेतली, ३८,००० किमी झाले, ऑइल आणि फिल्टर सोडून काही नाही. सर्व्हिसला सकाळी ९ ला टाकतो, ३ ला फोन येतो घेऊन जा. बाबांना मागे पाय पसरून बसता येईल, कॅप्टन सीट आहे. डोळे झाकून तीच घ्या.

मुलुंड_पूर्व
पार्लेकर, धन्यवाद, पण हायक्रॉसचं वरचं मॉडेल माझ्या बजेटच्या बरंच पुढे जातं.

पार्लेकर
थोडं लोन काढा. मनःशांतीला किंमत नसते.

डॉ_बोरिवली
माझा अनुभव सविस्तर लिहितो, कारण मला आधी कोणी सांगितलं नव्हतं.

माझी जर्मन सेडान (कंपनीचं नाव लिहीत नाही) मे महिन्यात एसीने दगा दिला. अधिकृत सर्व्हिस सेंटरला टाकली. सर्व्हिस अ‍ॅडव्हायजर म्हणाला कॉम्प्रेसर गेला, १ लाख ४२ हजार. मी हो म्हटलं, पेशंट सोडून तिथे किती बसणार? नवा कॉम्प्रेसर टाकला, गाडी घरी आणली, आठव्या दिवशी पुन्हा गरम हवा. परत टाकली. मग कळलं की मागच्या पाइपला लीक होतं, गॅस तिथून जात होता. तो पाइप इथे स्टॉकमध्ये नाही, बाहेरून येणार. एकूण ४३ दिवस गाडी त्यांच्या आवारात उभी. परत मिळाली तेव्हा डॅशबोर्डवर बोटाने नाव लिहिता येईल इतकी धूळ होती. या ४३ दिवसांत अ‍ॅडव्हायजर दोनदा बदलला, आणि प्रत्येक नवा माणूस मला पहिल्यापासून विचारायचा, "सर, कम्प्लेंट काय होती?"

गाडीबद्दल मला आजही तक्रार नाही. एक्स्प्रेसवेवर तिच्यासारखी दुसरी गाडी नाही. तक्रार आहे ती आपल्याला अंधारात ठेवण्याबद्दल. जुना कॉम्प्रेसर मागितला तर म्हणाले स्क्रॅपला गेला. माझं सांगणं एवढंच: जॉब कार्डवर आपली तक्रार आपल्या शब्दांत लिहून घ्या, पार्ट बदलण्याआधी तपासणीचा रिपोर्ट लेखी मागा, आणि जुना पार्ट परत हवा हे गाडी टाकतानाच लिहा. नंतर मागून मिळत नाही.

शिवाजीपार्क_कट्टा
माझ्या मते सेकंड हँड घेणंच चूक. आणखी २०-२२ लाख घाला आणि नवीन घ्या, वॉरंटीत राहा, वॉरंटी संपायच्या आत विका. मी तिसरी गाडी अशीच फिरवतोय. आजवर एकही मोठं बिल भरलं नाही. शोरूमवाले ओळखतात, गाडी घरून नेतात, धुऊन आणून देतात.

गिअरपेटी
@शिवाजीपार्क_कट्टा, प्रश्नकर्त्याने २४ लाख सांगितलेत. जवळजवळ तेवढेच आणखी घाला म्हणणं हा सल्ला होत नाही.

मी १९ वर्षं याच कामात आहे, आधी शोरूमला, आता स्वतःचं छोटं गॅरेज. मुद्द्यावर येतो.

पहिलं, डिझेल की पेट्रोल. रोज ४० किमी, तेही घाटकोपर-सायनच्या ट्रॅफिकमधून, तर पेट्रोल. प्रदूषणाच्या बीएस-६ नियमातल्या डिझेलला धुराच्या नळीत डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारा फिल्टर असतो. त्यात काजळी साठते आणि ती जाळायला गाडी सलग १५-२० मिनिटं चांगल्या वेगात पळावी लागते. ईस्टर्न एक्स्प्रेसवर सकाळी ९ ला हे होत नाही. फिल्टर चोंदतो, लाइट लागते, गाडी जोर धरत नाही. मग शोरूमला फोर्स्ड रिजनरेशन (साठलेली काजळी मुद्दाम जाळून काढणं), नाहीतर नवा डीपीएफ, लाखांत. लोक म्हणतात गाडी खराब निघाली. गाडी खराब नसते, तिला न मानवणारं काम आपण तिला दिलेलं असतं.

दुसरं, गिअरबॉक्स. शोरूममध्ये सांगतात ऑइल 'लाइफटाइम' आहे. ज्या गाड्यांत झेडएफचा ८ गिअरचा ऑटोमॅटिक येतो, त्या झेडएफ कंपनीचंच म्हणणं आहे की ८० हजार ते १ लाख २० हजार किमीच्या दरम्यान ऑइल बदला. खालचा प्लॅस्टिकचा पॅन आणि फिल्टर एकच असतो, तो पूर्ण बदलावा लागतो. माझ्याकडे आलेल्या एका गाडीचं हे ऑइल एक लाख किमीला पहिल्यांदा काढलं. चहाच्या चोथ्यासारखं काळं, आणि पॅनमधल्या चुंबकांवर बोटाच्या पेराएवढा राखाडी लगदा. ऑइल बदलल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमधला झटका गेला. त्याच गाडीला आधी गिअरबॉक्सच बदला म्हणून साडेसहा लाखांचं एस्टिमेट मिळालं होतं.

तिसरं, बॅटरी. बऱ्याच जर्मन गाड्यांत नवी बॅटरी टाकल्यावर गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये तिची नोंद करावी लागते. कोपऱ्यावरचा बॅटरीवाला ती करत नाही. मग गाडी जुनी बॅटरी समजूनच चार्ज करत राहते आणि नवीही लवकर जाते. घेण्याआधी विचारा बॅटरी कधी आणि कुठे बदलली.

बाणकोट८१
पेट्रोलच घ्या. डिझेलला डीपीएफचा त्रास असतो.

साधा_ड्रायव्हर
ई-क्लास लाँग व्हीलबेसची लांबी ५०६३ मिमी आहे. सोसायटीच्या पार्किंगच्या पाटीवर काय लिहिलंय ते बघितलं का? आमच्याकडे ५००० लिहिलं आहे.

मुलुंड_पूर्व
आत्ता खाली जाऊन बघून आलो. ५००० मिमीच आहे. हे डोक्यातच आलं नव्हतं.

शिवाजीपार्क_कट्टा
६३ मिमी म्हणजे अडीच इंच. काही होत नाही. आमच्या सोसायटीत लोक लावतात.

साधा_ड्रायव्हर
होतं. पुढे-मागे सेन्सर असतात, गाडी रेषेबाहेर असली तर प्लॅटफॉर्म हलतच नाही. आणि सेन्सर बंद करून कोणी लावली आणि वर जाताना बंपर तुळईला लागला, तर इन्शुरन्सवाला पहिला प्रश्न पार्किंगच्या मर्यादेचा विचारेल. सेक्रेटरी हात वर करेल. आमच्याकडे हे झालंय.

पार्लेकर
मेकॅनिकल पार्किंग हाच मुळात फसवणुकीचा प्रकार आहे. बिल्डर दोन गाड्यांचे पैसे घेतो आणि रात्री लाइट गेली की दोन्ही गाड्या अडकतात. आम्ही सोसायटीत ठराव करून एएमसी (देखभालीचं वार्षिक कंत्राट) बदलली. सविस्तर लिहीन कधीतरी.

डॉ_बोरिवली
पार्किंगचा वेगळा धागा काढा कृपया.

वर्षा_के
पावसाचं कोणीच बोललं नाही म्हणून लिहिते. मुंबईत सेडान घेताय. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिमी पाऊस झाला ते सोडा, दरवर्षीच्या पावसातही हिंदमाता, मिलन सबवे, किंग्ज सर्कल आहेतच. माझी गाडी तीन वर्षांपूर्वी दादरला गुडघाभर पाण्यात बंद पडली. घाबरून मी पुन्हा स्टार्ट मारला. हीच चूक. इंजिनात पाणी गेलं होतं, पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकला. इंजिन प्रोटेक्ट, म्हणजे इन्शुरन्समधलं इंजिनाचं जादा कव्हर, नव्हतं. साध्या पॉलिसीत हे बसत नाही. ९ लाख ६० हजारांचं एस्टिमेट हातात घेऊन मी सर्व्हिस सेंटरच्या गेटवर उभी होते आणि रिक्षाला हात करायचंही भान राहिलं नव्हतं.

तर झीरो डेप (क्लेममध्ये घसारा न कापणारं कव्हर) आणि इंजिन प्रोटेक्ट दोन्ही घ्याच. झीरो डेप साधारण पाच वर्षांच्या पुढच्या गाडीला सहज मिळत नाही, तुमची गाडी २०१८-१९ ची आहे, म्हणून व्यवहाराआधी कोटेशन काढा. आणि पाण्यात बंद पडली तर स्टार्टला हात लावायचा नाही, ढकलून बाजूला घ्यायची आणि फ्लॅटबेड (गाडी पाठीवर उचलून नेणारा ट्रक) बोलवायची.

बाणकोट८१
इंजिन प्रोटेक्ट घ्याच. पाण्यात पुन्हा स्टार्ट मारू नये.

सीए_गिरगाव
दोन गोष्टी. मी घेतलेलं तीन वर्षांचं सर्व्हिस पॅकेज दुसऱ्याच वर्षी लोंबकळलं, कारण डीलरने शोरूमच बंद केलं. नव्या डीलरकडे गेलो तर म्हणाला आमच्याकडे नोंदच नाही. पैसे डीलरने स्वतःच्या पावतीवर घेतले होते, कंपनीच्या सिस्टीममध्ये चढवलेच नव्हते. म्हणून पॅकेज किंवा एक्स्टेंडेड वॉरंटी काही घेतलं तर चासी नंबर टाकून कंपनीकडून ईमेलवर खात्री करून घ्या. डीलरचा कागद पुरेसा नाही. मी पाच महिने भांडून अर्धे पैसे परत मिळवले, बाकीचे गेले.

दुसरं, भांडायची वेळ आली तर १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. त्यानेही नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग. दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर तिथेच जायचं, ५ लाखांपर्यंत शुल्क नाही, मुदत दोन वर्षं, वकील लागतोच असं नाही. डॉक्टरसाहेब, तुमच्या कॉम्प्रेसरसाठी तुम्ही जायला हवं होतं.

शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून सुट्या भागांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आहे. जुन्या दराचं एस्टिमेट कोणी पुढे केलं तर विचारा.

डॉ_बोरिवली
वेळ कुठे होता हो. पण मुदत अजून आहे, बघतो.

शिवाजीपार्क_कट्टा
नवीन घेतली असती तर हे काहीच लागलं नसतं.

गिअरपेटी
प्रश्नकर्त्याला एक शेवटचं. गाडी बघायला गेलात की थंड इंजिनावर स्टार्ट करायला सांगा. सगळ्या मॉड्यूलचा स्कॅन रिपोर्ट काढा, नुसता इंजिनचा नाही. एरर नुकतेच पुसले असतील तर अर्धा तास चालवून पुन्हा स्कॅन करा. टायरवरचे चार आकडे बघा, '२३१९' म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. रनफ्लॅट (पंक्चर झाल्यावरही थोडं अंतर चालणारे) असतील आणि तारीख जुनी असेल तर चार टायरचे ९० हजार ते १ लाख बाजूला ठेवा. कूलंटच्या टाकीचा आणि पाइपांच्या जोडांचा प्लॅस्टिक कडक होतो, तो बोटाने दाबून बघा. बाहेरचं गॅरेज निवडताना पार्ट कुठून आणतो ते विचारा. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर चांगलंही मिळतं आणि बनावटही, ओळखणारा हवा. आणि २४ मधले २४ गाडीत घालू नका. तीन लाख बँकेत हवेतच.

पार्लेकर
तरीही हायक्रॉसचा विचार करा.

मुलुंड_पूर्व
सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहितोय, कारण निर्णय झाला.

ई-क्लास पार्किंगमुळे सुटली. मग एका डीलरकडची सर्टिफाइड पेट्रोल सेडान बघायला बाबांना घेऊन गेलो. त्यांना कारण सांगितलं नव्हतं, मित्रासाठी बघतोय म्हटलं. बाबांनी सेल्समनचं बोलणं संपायच्या आत बॉनेटवर तळहात ठेवला. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "गरम आहे. आपण यायच्या आधी चालू करून ठेवली होती." मी सेल्समनला विचारलं तर म्हणाला आत्ताच बाहेर काढली. बाबा म्हणाले, "मग उद्या सकाळी येतो, काढू नका." दुसऱ्या दिवशी ८ ला गेलो. थंड इंजिन लागलं तेव्हा दोन-तीन सेकंद साखळीसारखा खडखड आवाज, मग गप्प. बाबांनी चावी परत दिली.

शेवटी दादर पारसी कॉलनीतल्या एका आजोबांकडून थेट घेतली. २०१८ ची पेट्रोल, ४१,००० किमी, १७ लाख ६० हजार. वॉरंटी नाही, पॅकेज नाही. इथल्या जवळजवळ सगळ्यांच्या सल्ल्याविरुद्ध आहे हे मला माहीत आहे. पण त्यांच्याकडे प्रत्येक सर्व्हिसची पावती फाइलमध्ये लावलेली होती, बॅटरीची नोंदही, आणि त्यांनी स्वतः सर्व्हिस सेंटरला बरोबर येऊन स्कॅन काढू दिला. इंजिन प्रोटेक्ट मिळालं, झीरो डेप एकाच कंपनीने दिलं. गिअरबॉक्सचं ऑइल पुढच्या महिन्यात बदलतोय. साडेतीन लाख वेगळ्या खात्यात आहेत.

आणि मागच्या सीटचं राहिलंच. पहिल्या दिवशी मी मागचा दरवाजा उघडून उभा राहिलो. बाबा म्हणाले, "मागे बसून मला काय कळणार गाडी कशी आहे?" आणि पुढून वळसा घालून स्टिअरिंगवर जाऊन बसले. आरसे लावायला त्यांना पाच मिनिटं लागली. मुलुंड ते वाळकेश्वर आणि परत, त्यांनीच चालवली. शेठच्या बिल्डिंगखाली थांबले नाहीत, फक्त वेग कमी केला.

वर्षा_के
वाचून डोळे भरले. त्यांचं लायसन्स चालू आहे ना? ५५ नंतर पाच-पाच वर्षांनीच रिन्यू होतं, फॉर्म १-ए डॉक्टरकडून लागतो.

मुलुंड_पूर्व
आहे, २०२८ पर्यंत. ते स्वतःच लक्ष ठेवतात.

गिअरपेटी
ऑइल बदलताना पॅन ओरिजिनल घ्या आणि लेव्हल ठरलेल्या तापमानालाच भरली जातेय का ते उभं राहून बघा. बाबांना घेऊन या, मला त्या १२४ बद्दल विचारायचं आहे.

शिवाजीपार्क_कट्टा
रंग कोणता?