टोकियो सोडून नागानोला जायचं आहे: स्थलांतर अनुदानाची पाच वर्षांची अट आणि मुलांची शाळा, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आम्ही चौघं टोकियोच्या एदोगावा वॉर्डात राहतो. मी, नवरा, मुलगी पाचवीत, मुलगा पहिलीत. मार्चअखेरीस टोकियो सोडून नागानो प्रांतातल्या एका छोट्या शहरात जायचं बऱ्यापैकी ठरलंय. अडलंय ते सरकारी अनुदानाच्या अटींपाशी. इथे जपानमधले बरेच जण आहेत, त्यातलं कुणी हे पैसे प्रत्यक्ष घेतले असतील तर कृपया सविस्तर लिहा.

ज्यांना योजना माहीत नाही त्यांच्यासाठी: टोकियोतली गर्दी कमी व्हावी आणि ओस पडत चाललेल्या भागांत माणसं यावीत म्हणून हे अनुदान २०१९ पासून देतात. गेल्या दहा वर्षांत एकूण पाच वर्षं, आणि निघण्याआधीचं सलग एक वर्ष, तुम्ही टोकियोच्या २३ वॉर्डांत राहिलेले हवेत. शेजारच्या सैतामा, चिबा, कानागावात राहून या वॉर्डांत कामाला जाणारेही चालतात. कुटुंबाला कमाल १० लाख येन, एकट्या माणसाला ६ लाख. १८ वर्षांखालच्या दर मुलामागे २०२३ पर्यंत ३ लाख मिळायचे, आता कमाल १० लाख. निम्मे पैसे केंद्राचे, उरलेल्यातले अर्धे प्रांताचे, अर्धे नगरपालिकेचे. त्यामुळे प्रत्येक नगरपालिका यात असतेच असं नाही, आणि असली तरी वर्षाचा निधी संपला की अर्ज बंद.

आपल्यापैकी अनेकांच्या हे लक्षात नसेल, पण साध्या कामाच्या व्हिसावर हे मिळत नाही. एइजू (कायमचा रहिवास), एइजूवाल्यांचे किंवा जपानी नागरिकांचे जोडीदार, तेइजूशा (दीर्घकालीन रहिवासी) अशा मोजक्या दर्जांनाच मिळतं. मला उच्च कौशल्याच्या पॉइंट्सवर एइजू मिळालंय आणि माझं काम पूर्ण रिमोट आहे, म्हणून अर्ज माझ्या नावाने. टोकियोतली नोकरी तशीच चालू ठेवून बाहेर राहणाऱ्यांना २०२१ पासून यात घेतलंय.

आता अडचणी.

पहिली नोकरीची. कंपनीने एक दाखला भरून द्यायचा असतो. त्यात बदली किंवा कंपनीच्या आदेशामुळे नाही, तर कर्मचारी स्वतःच्या इच्छेने जातोय असं लिहून द्यावं लागतं. आमचं एचआर ते द्यायला तयार आहे. प्रश्न पुढचा आहे. तीन वर्षांच्या आत ती नगरपालिका सोडली तर सगळे पैसे परत, तीन ते पाच वर्षांत सोडली तर निम्मे. अर्ज केल्यापासून वर्षाच्या आत नोकरी सोडली तरी सगळे परत. पण दोन वर्षांनी कंपनी म्हणाली की आठवड्यातून तीन दिवस ऑफिसला या, तर? मी नोकरी सोडलेली नाही, घर सोडलेलं नाही, फक्त रिमोट राहिलेलं नाही. याचा अर्थ कसा लावतात? पाच वर्षांची हमी मी माझ्यापुरती देऊ शकते, कंपनीच्या धोरणाची कशी देणार? असं कुणाच्या बाबतीत घडलं असेल आणि नगरपालिकेला विचारलं असेल तर त्यांनी काय सांगितलं ते जसंच्या तसं लिहा.

दुसरी नवऱ्याची. त्याला रोज ऑफिसला जावंच लागतं. सोमवार ते शुक्रवार टोकियोत छोटी खोली घेऊन राहायचं आणि शनिवार-रविवार घरी, असा विचार आहे. नियमात अर्जदार धरून किमान दोघं जण आधीही एका कुटुंबात नोंदलेले हवेत आणि अर्ज करतानाही. मी आणि मुलं मिळून ते बसतं असं मला वाटतं. पण त्याचं जूमिनह्यो (रहिवासाची सरकारी नोंद) टोकियोतच राहिलं तर 'इथे पाच वर्षं तरी राहायचा इरादा' यावर शंका घेतात का?

तिसरी अडचण पैशांची नाही, आणि रात्री झोप उडते ती तिच्यामुळे. मुलं आत्ता इंग्रजी माध्यमाच्या शाळेत आहेत. तिथे गेल्यावर जपानी शाळा हाच पर्याय. मुलगा रुळेल, त्याचे अर्धे मित्र आत्ताच जपानी आहेत. मुलीला बोलता उत्तम येतं, पण कांजी (जपानीतली चिनी अक्षरं) दुसरीच्या पातळीची. ती एकदम सहावीत जाणार आणि वर्षभरात चूगाक्को (सातवीपासूनची शाळा). अशा वेळी शाळेत भाषेसाठी वेगळे शिक्षक मिळतात का? गावातल्या शाळेत एकच परदेशी मूल असेल तर कुणी लक्ष देतं, की ते मागच्या बाकावर गप्प बसून राहतं? ज्यांची मुलं यातून गेली आहेत त्यांनी कडू अनुभवही लिहा, मला तेच आधी वाचायचे आहेत.

बायकांनीही जरूर लिहा. २०२४ च्या ऑगस्टमध्ये, लग्नासाठी टोकियो सोडणाऱ्या अविवाहित मुलींना ६ लाख येनपर्यंत द्यायचा प्रस्ताव आला होता. टीका झाली आणि तो मागे घेतला. मला त्या वेळी फार राग आला होता. मुली गाव सोडून का जातात, तिथे त्यांना कसलं काम मिळतं, बैठकीत त्यांचं कोण ऐकतं, हे कुणी विचारतच नव्हतं. मला ते विचारायचं आहे, कारण आठवड्याचे पाच दिवस तिथे मी एकटी मोठी असणार.

घराचंही सांगते. अकिया बँकेतलं, म्हणजे रिकाम्या घरांच्या यादीतलं, एक घर बघितलंय. २०२३ च्या पाहणीत देशात ९० लाख घरं रिकामी निघाली, त्यातलंच हे एक. भाडं आवाक्यात, अंगण मोठं. पण बांधलेलं १९८१ च्या आधी, म्हणजे भूकंपाच्या नव्या नियमांच्या आधी. मागच्या खोलीत पाय टाकला की ततामी (जमिनीवरची जाड चटई) खाली दबते, आणि मालकांचं बुत्सुदान (घरातला बौद्ध देव्हारा) अजून तिथेच आहे. ते हलवायचं कुणी आणि कधी, हे एजंटही नीट सांगत नाही. अनुदानाच्या आशेवर अशा घरात मुलांना न्यायचं माझ्या मनाला पटत नाहीये. पहिलं वर्ष साधा अपार्टमेंट घ्यावा या मताची मी आहे, नवऱ्याचा जीव त्या अंगणात अडकलाय.

भर: प्रतिसादांबद्दल मनापासून आभार. दोघांनी विचारलंय म्हणून सांगते, यूराकुचोच्या स्थलांतर सल्ला केंद्रात जाऊन आले. नागानोच्या टेबलावरच्या बाईंनी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली: जूमिनह्यो हलवण्याआधी नगरपालिकेशी बोला, कारण काही ठिकाणी आधी भेटल्याशिवाय अर्जच घेत नाहीत. अर्जाला राहायला गेल्यापासून वर्षाची मुदत असते, म्हणून मार्चअखेरीस जाऊन एप्रिलमध्ये नव्या वर्षाच्या निधीतून अर्ज करायचा बेत आहे. नगरपालिकेची भेट पुढच्या आठवड्यात ठरली आहे. त्याआधी कुणाला आणखी काही प्रश्न सुचत असतील तर इथेच लिहा, सगळे जपानीत लिहून सोबत नेणार आहे. शाळेबद्दल उघडपणे लिहायचं नसेल तर व्यनि केलात तरी चालेल.