वारांवरची जपानी गाणी: कुठली घ्यावीत आणि वारांचे उच्चार कसे बसवावेत?

टिळकवाडी_कीबोर्ड

स्नेहसंमेलनात पंधरा मिनिटांचा जपानी गाण्यांचा भाग बसवालोय. विषय वारांचा. शनिवार खूट, रविवार पेठ, शुक्रवार पेठ या आपल्या बेळगावच्या नावांवरून निवेदन सुरू होईल आणि तिथून जपानी वारांकडे वळेल. गाणारे पाच: तीन मुली, दोन मुलगे. साथीला कीबोर्ड, गिटार आणि कहोन (वर बसून हातानं वाजवायचं लाकडी खोकं). जपानी कुणालाच येत नाही, शब्द देवनागरीत लिहून पाठ करालोय. गाडं अडलंय ते वाराच्या नावापाशी. 'किन्योबी' म्हटलं की सुरावट उरते आणि शब्द आधीच संपतो. चार गाणी सुचवा, आणि हे नाव नीट कसं बसवायचं तेही सांगा.

खानापूर_निहोंगो

शब्द आधी संपतो कारण तुम्ही तीन अक्षरं म्हणताय आणि चालीत जागा पाचांची आहे. जपानीत मोजतात ती मात्रा, तिला ते मोरा म्हणतात. दीर्घ स्वराच्या दोन मात्रा, आणि नुसत्या 'न्'चीही स्वतंत्र एक. म्हणून शुक्रवार असा: कि‑न्‑यो‑ओ‑बी. पाच.

'न्' आणि 'यो' जोडून 'न्यो' केलंत की शब्द बिघडला. आपल्याकडे 'संयोग', 'संयम' म्हणताना अनुस्वार जसा नाकातून जातो, 'न' पूर्ण उमटत नाही, तसाच हा उच्चार. कागदावर 'किंयोऽबी' लिहा ('ऽ' म्हणजे आधीचा स्वर आणखी एक मात्रा लांबवायचा), मुलं आपोआप बरोबर म्हणतील.

सगळे वार असे लिहून घ्या: गेत्सुयोऽबी (सोम), कायोऽबी (मंगळ), सुइयोऽबी (बुध), मोकुयोऽबी (गुरू), किंयोऽबी (शुक्र), दोयोऽबी (शनी), निचियोऽबी (रवी). मंगळवार आणि शनिवार चार मात्रांचे, बाकीचे पाच. शेवटचं 'बी' बोलताना आणि गाण्यातही पुष्कळदा गळतं, नुसतं 'दोयोऽ' राहतं. ते ऐकून घेतल्याशिवाय मनानं जोडू नका.

'त्सु'साठी चुलीतला 'च' काढा, 'चि'साठी चिंचेतला. हे दोन्ही 'च' मराठी जिभेला जन्मापासून येतात, त्यामुळे इथं भीती नाही. भीती आहे ती ओठांची. 'सु', 'त्सु' म्हणताना आपण ओठांचा चंबू करतो, जपानी उकारात ओठ जवळजवळ सपाट राहतात.

अजून एक, ज्यांना कन्नड वाचता येतं त्यांनी शब्द कन्नड लिपीत लिहावेत. देवनागरीत ऱ्हस्व‑दीर्घ 'ए' आणि 'ओ' वेगळे दाखवता येत नाहीत, कन्नडात येतात. 'गेत्सु'तला 'ए' 'एरडु'सारखा आखूड. 'योऽ'तला 'ओ' मात्र 'ओदु'सारखा लांब, 'ओंदु'सारखा नव्हे. आपल्या भागातल्या मुलांना ही फार मोठी सोय आहे, ती वाया घालवू नका.

सरावासाठी एक पत्रक बनवा. प्रत्येक मात्रेनंतर तिरकी रेघ, दीर्घ स्वराची दुसरी मात्रा वेगळ्या घरात. ठोके देणारा मेट्रोनोम मिनिटाला ६० वर ठेवून एका ठोक्याला एक घर, नुसतं बोलायचं, चाल नाही. टाळीऐवजी बोटं मोजा, 'न्'च्या घरावर बोट पडलंच पाहिजे. दोन दिवस हे झाल्यावर चालीला हात घाला. जुन्या गाण्यांत बहुतेक एका सुरावर एक मात्रा येते. नव्यांत एका सुरावर दोन मात्राही बसवतात, तिथं मूळ गायक काय करतो तेच प्रमाण.

निपाणी_रेकॉर्डवाला

गाण्यांचं मी सांगतो.

शनिवारसाठी 'डाउनटाउन'. शुगर बेब या बँडचं, १९७५. शब्द गिंजी इतो यांचे, संगीत तात्सुरो यामाशिता यांचं. शीर्षकात वार नाही, पण शनिवारच्या रात्रीची गजबज हाच त्याचा जीव. १९८० मध्ये एपो या गायिकेनं ते पुन्हा गायलं आणि फुजी टीव्हीवरच्या शनिवारच्या एका विनोदी कार्यक्रमाच्या शेवटी ते वाजायला लागलं. तुमच्या तीन मुलींना मागची स्वरसंगत मिळेल, म्हणून एपोचं रूप धरा.

बुधवारसाठी 'आमे नो वेंझुदेइ', म्हणजे पावसातला बुधवार. एइची ओताकी यांचं, २१ मार्च १९८१ ला आलेल्या 'अ लाँग व्हेकेशन' या अल्बममधलं, शब्द ताकाशी मात्सुमोतो यांचे. संथ आहे. समुद्रकिनारा, पाऊस, मोडकळीला आलेली फोक्सवॅगन आणि तिच्या बॉनेटवर बसणं. यात वार इंग्रजीच आहे पण जपानी मात्रांत: वे‑न्‑झु‑दे‑इ, पाच घरं. इंग्रजीसारखं 'वेन्सडे' म्हटलंत तर दोनच उरतात आणि ओळ कोसळते.

शुक्रवारसाठी यासुहा यांचं 'फ्रायडे चायनाटाउन', १९८१. सुरुवातच ध्रुवपदानं आणि तीही उंच, आवाज तापलेला नसेल तर पहिल्याच ओळीत फाटतो. दोन मुलगे गाणार असतील तर टीएम नेटवर्कचं १९८४ चं पदार्पणाचं गाणं 'किंयोऽबी नो राइओन', शुक्रवारचा सिंह. वर सांगितलेल्या 'किंयोऽबी'चा खरा कस तिथं लागतो.

रविवारसाठी 'निचियोऽबी योरी नो शिशा', द हाय‑लोज, १९९५ चा अल्बम. अर्थ 'रविवारकडून आलेला दूत'. 'शालाला' आख्खं सभागृह म्हणू शकतं, म्हणून शेवटी हेच ठेवा.

शनिवारच्या गाण्यांबद्दल निवेदनात एक गोष्ट जरूर घ्या. जपानी सरकारी कचेऱ्यांना दर शनिवारी पूर्ण सुट्टी मिळाली ती १९९२ पासून, शाळांना २००२ पासून. त्याआधी शनिवार अर्धा, त्याला 'हानदोन' म्हणत. शनिवारच्या सकाळच्या शाळेतून बाराला सुटून दप्तर फेकणाऱ्या आपल्या पोरांना त्या गाण्यांमधला शनिवार लगेच कळेल.

टिळकवाडी_कीबोर्ड

दोघांचेही आभार. सोमवारचं एखादं? केयाकिझाका४६ या मुलींच्या गटाचं २०१७ चं एक दिसलं.

निपाणी_रेकॉर्डवाला

ते 'सोमवारी सकाळी माझा स्कर्ट कापला गेला' अशा शीर्षकाचं गाणं. मुलीवर झालेल्या हल्ल्याचं आणि आतल्या संतापाचं आहे. गाणं ताकदीचं आहे, पण संमेलनात टाळ्यांच्या मधे घालू नका, त्याचा अपमान होईल. सातही वार हवेत तर 'इश्शुऽकान' (एक आठवडा) घ्या. मूळ रशियन लोकगीत, जपानी मुलांना पाठ असतं. रविवारी बाजाराला जाऊन सूत आणायचं, सोमवारी न्हाणीघर तापवायचं, असं शनिवारपर्यंत. वार पाठ करायला याहून चांगलं साधन नाही.

खानापूर_निहोंगो

निवेदनाला अजून एक धागा देतो. जपानी वार आपल्याच ग्रहांचे आहेत. मंगळ म्हणजे 'कासेइ', अग्नीचा तारा, त्याचा 'का' कायोऽबीत. तसंच बुध 'सुइसेइ' (पाणी), गुरू 'मोकुसेइ' (लाकूड), शुक्र 'किंसेइ' (धातू), शनी 'दोसेइ' (माती). सोमवारी चंद्र, रविवारी सूर्य. अमोघवज्र या बौद्ध भिक्षूनं चिनीत उतरवलेला ग्रह‑नक्षत्रांचा ग्रंथ कूकाई या जपानी भिक्षूनं ८०६ मध्ये जपानला नेला, त्यातून ही वारांची ओळ तिथं पोचली. मात्र रविवारची सरकारी सुट्टी सुरू झाली १८७६ मध्ये.

शहापूर_साउंड

पट्टीचं बघा. यासुहाचं गाणं मुलीला उंच जात असेल तर तीन सेमिटोन (अर्धस्वर) खाली आणा. कीबोर्डवर ट्रान्सपोज −३ ठेवलं की झालं, गिटारवाल्याला मात्र कॉर्ड नव्यानं लिहून द्या. तयार कराओके ट्रॅक ऑडिओ असेल तर तीन‑चार सेमिटोनपेक्षा जास्त उतरवू नका, ड्रम बोदे वाजतात. मिडी फाइल (आवाजाऐवजी सुरांच्या सूचना असलेली) असेल तर ती अडचण नाही. कहोन 'डाउनटाउन'ला चांगला बसतो. ओताकीच्या गाण्यात मात्र तो गप्प ठेवा, तिथं कीबोर्डवर पॅड लावून स्वर लांब धरा. माइक तपासताना सगळ्यांकडून 'किंयोऽबी'च म्हणवून घ्या, 'न्' शेवटच्या रांगेत पोचतो की नाही ते तिथंच कळेल.