रे: रे: तातडीचं – सीपी-२००० आलंय, मुदत ४ सप्टेंबर

प्रसाद, शनिवार १० ऑगस्ट २०२४, रात्री ११:४२

मंडळी,

आयआरएसची (अमेरिकेचं कर खातं) सीपी-२००० नोटीस आलीय, २०२२ सालची. म्हणे मी ५७,८५० डॉलर दाखवलेच नाहीत. त्यावर टॅक्स १२,७२७, त्यातून कापलेले ५,३०० वजा, म्हणजे ७,४२७ भरा. दंड आणि व्याज वेगळं.

त्या वर्षी मला एकच नोकरी होती (तीच, जिच्या एचआरचे किस्से पिकनिकला ऐकवले होते). कंपनीने जुलैत पेरोल (पगार काढणारी बाहेरची संस्था) बदललं. मला डब्ल्यू-टू (वर्षाचा पगार आणि कापलेला टॅक्स यांचा दाखला) एकच आला, १,१८,६०० चा, त्यावरून रिटर्न भरलं. आता कळतंय की जुन्या पेरोलवाल्यांनीही एक काढला होता. तो एडिसनच्या जुन्या घरी गेला, आम्ही तोवर न्यू जर्सीतच पिस्कॅटवेला आलो होतो.

एचआरला सात मेल झाले. उत्तर एकच, "जुन्या व्हेंडरशी बोला." जुना व्हेंडर म्हणतो, "आमचा डब्ल्यू-टू बरोबर आहे, रद्द होणार नाही." मला डब्ल्यू-टू-सी (दुरुस्त केलेला डब्ल्यू-टू) कोणीच देत नाहीये. तो हातात नसताना उत्तर पाठवू, की थांबू? एवढंच सांगा.

अमोल, उद्या सरावाला येत नाही. माझा ढोल तुझ्या गराजमध्येच राहू दे.

प्रसाद

सुहास, रविवार ११ ऑगस्ट, सकाळी ६:१५

प्रसाद,

नेमकं यासाठीच मार्चमध्ये मंडळातर्फे टॅक्सचं सेमिनार ठेवलं होतं. अकरा जण आले, त्यातले चार बटाटेवड्यांसाठी. स्लाइड्स अजून ड्राइव्हवर आहेत, गेल्या कमिटीने फोल्डर हलवला नसेल तर.

उत्तर सोपं आहे. डब्ल्यू-टू चुकीचा असला की फॉर्म ४८५२ भरायचा, सोबत १०४०-एक्स (सुधारित रिटर्न) लावून मोकळं व्हायचं. सगळं सर्टिफाइड मेलने, रिटर्न रिसीटसह. मी १९९४ पासून हेच करतोय.

सुहास

अमोल, रविवार ११ ऑगस्ट, सकाळी ९:०३

काका, सर्टिफाइड मेल कशाला? फॅक्स करायचा. कन्फर्मेशनचं पान निघतं, तारीख-वेळ छापून. माझ्या मेहुण्याने फॅक्सवरच सगळं मिटवलं.

(ढोल इथेच आहे. पण सराव बुडवलास तर मिरवणुकीत मागच्या रांगेत.)

सुहास, रविवार ११ ऑगस्ट, सकाळी ९:२०

फॅक्सची शाई दोन वर्षांत उडते. हिरवी रिसीट राहते. माझ्याकडे २००१ ची आहे.

अमोल, रविवार ११ ऑगस्ट, सकाळी ९:२४

काका, हल्ली फॅक्स फोनवरून जातो. शाईच नसते.

अनघा, रविवार ११ ऑगस्ट, सकाळी १०:१०

सर्वांना नम्र विनंती: ही यादी कार्यक्रमांच्या सूचनांसाठी आहे, चर्चेची यादी वेगळी आहे. ४१२ लोकांच्या फोनवर "शाई उडते" वाजलं. शिवाय गणपती ७ सप्टेंबरला आलेत आणि उकडीच्या मोदकांच्या नोंदणीला उत्तरं आलीत फक्त ३८.

प्रसाद, तुझं काम अडलंय म्हणून हा धागा इथे चालू ठेवते. बाकीच्यांनी पायंडा समजू नये.

अनघा (यादीची देखरेख)

मृणाल, रविवार ११ ऑगस्ट, दुपारी १:५५

प्रसाद,

मी एनरोल्ड एजंट (आयआरएसचा परवाना असलेली कर सल्लागार) आहे, टॅक्सच्या सीझनमध्ये हेच काम करते. सुहासकाका, राग मानू नका, पण ४८५२ इथे लागू नाही. डब्ल्यू-टू मिळालाच नाही, किंवा चुकलेला कंपनी वेळेत सुधारून देत नाही, तेव्हा रिटर्न भरताना त्याच्या जागी तो जोडतात. याचं रिटर्न कधीच गेलंय. १०४०-एक्सही नको. रिटर्नमधला आकडा बरोबर आहे ना? मग सुधारायचं काय?

सीपी-२००० हे बिल नव्हे. कंपन्यांनी कळवलेलं आणि तू दाखवलेलं यांचा मेळ बसला नाही, तेव्हा संगणकाने काढलेला तो प्रस्ताव आहे. आत उत्तराचा फॉर्म असतो, त्यात "मान्य नाही" वर खूण कर, एका पानाचं पत्र लिही, पुरावे जोड. डब्ल्यू-टू-सी साठी थांबू नकोस. ४ सप्टेंबर उलटून गेली तर पुढची पायरी म्हणजे नोटीस ऑफ डेफिशियन्सी (कमी भरलेल्या कराची औपचारिक नोटीस). ती आली की टॅक्स कोर्टात जायला ९० दिवस मिळतात. तिथे अर्जाची फी ६० डॉलर, पण डोक्याला ताप त्याहून पुष्कळ.

कागद जमले नाहीत तर नोटिशीवरच्या नंबरावर फोन करून ३० दिवस वाढवून माग. मागितले तर बहुधा देतात.

आता मला दोन कागद पाहायचेत: ३० जूनची पे-स्टब (पगाराची पावती) आणि १५ जुलैची. दोन्हींवर मालक म्हणून कोणाचं नाव छापलंय आणि ईआयएन (मालकाचा टॅक्स नंबर) कोणता, ते बघ.

आणि हो, फॅक्स आणि टपालही चालतं, पण तू अपलोडच कर. नोटिशीवर अपलोडची लिंक आणि कोड असतो.

मृणाल

सुहास, रविवार ११ ऑगस्ट, दुपारी २:३०

अपलोड केलं आणि त्यांच्याकडे दिसलं नाही, तर हातात काय?

दिलीपकाका, रविवार ११ ऑगस्ट, दुपारी ४:४०

चि. प्रसाद यास आशीर्वाद.

अशीच गोष्ट आमच्या धाकट्या बंधूंची, पुण्यातली. कंपनी दर महिन्याला पगारातून टीडीएस कापायची, सरकारात भरायची मात्र नाही. सव्वीस एएस (कापलेल्या कराचा सरकारी तक्ता) उघडला तर सगळा कोरा. खात्याने त्याच रकमेची डिमांड काढली! बंधूंचे सीए म्हणाले, भरून टाका, कटकट नको. मी इथून फोनवर सांगितलं, एक रुपया भरायचा नाही. १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम २०५ प्रमाणे, पगारातून कर कापला गेला असेल तर तो पुन्हा तुमच्याकडून मागता येत नाही. सगळ्या पगारपत्रकांवर आणि बँकेच्या पासबुकाच्या झेरॉक्सवर हायलायटरने खुणा केल्या, जेवढा निव्वळ पगार पत्रकात तेवढाच बँकेत जमा. अडीच वर्षं लागली. इतकं झालं तरी तो सीए दिवाळीला बंधूंना काजूकतली पाठवत होताच.

सांगायचं ते इतकंच की पे-स्टबच्या रकमा बँकेशी जुळवून दाखव.

दिलीप

नीलेश, रविवार ११ ऑगस्ट, संध्याकाळी ७:१२

एक आयडिया. आयआरएसच्या मते २०२२ ला तुझा पगार १,७६,४५०. सोशल सिक्युरिटीच्या (सरकारी पेन्शनच्या) कपातीची पगारमर्यादा त्या वर्षी १,४७,०००. म्हणजे २९,४५० वर ६.२ टक्के जास्त कापले गेले, १,८२६ डॉलर. दोन मालक असले की ते परत मिळतात. हे पण मागून टाक की! वर पेन्शनही वाढेल. 😀

मृणाल, रविवार ११ ऑगस्ट, संध्याकाळी ७:३०

नीलेश, हसू आलं, पण कृपया कोणी हे करू नका. कापलेच गेले नाहीत ते परत कसे मागणार? एकीकडे "हा पगार मला मिळाला नाही" म्हणायचं, दुसरीकडे त्याच पगारावरचा परतावा मागायचा? त्या पत्राचा पहिला परिच्छेदच दुसऱ्याला खोटं पाडेल.

प्रसाद, सोमवार १२ ऑगस्ट, रात्री १२:५०

मृणालताई, दोन्ही स्टब सापडल्या.

३० जूनच्या स्टबवर डाव्या कोपऱ्यात कंपनीचं नाव नाहीच! तिथे त्या पेरोलवाल्यांचं नाव, ईआयएनही त्यांचाच. वर्षभरात मी हे पाहिलंच नव्हतं, नजर सरळ नेट-पे वर जायची. तोवरचे टॅक्सेबल वेजेस ५७,८५०.

१५ जुलैच्या स्टबवर कंपनीचं नाव, कंपनीचा ईआयएन. त्या पंधरवड्याचे ५,०६२.५०. आणि वायटीडीच्या (वर्षाच्या सुरुवातीपासूनच्या बेरजेच्या) रकान्यात ६२,९१२.५०!

म्हणजे जुलैत नवीन ठिकाणी माझा आकडा शून्यापासून सुरूच झाला नाही. हे बरोबर आहे का?

मृणाल, सोमवार १२ ऑगस्ट, सकाळी ८:०५

सापडलं. आणि तू इतके दिवस चुकीच्या दारात बसला होतास.

पहिले सहा महिने तुमची कंपनी पीईओकडे (दुसऱ्या कंपन्यांचं पेरोल आपल्या नावावर चालवणारी संस्था) होती. त्यात पेरोल त्यांच्या ईआयएनवर चालतं, टॅक्सच्या कागदावर तेच मालक. ३० जूनला करार संपला, म्हणून त्यांनी सहा महिन्यांचा डब्ल्यू-टू काढला, ५७,८५० चा. तो बरोबर आहे. तो रद्द करायला सांगितलंस तर ते नाहीच म्हणणार. १ जुलैपासून कंपनीचा स्वतःचा ईआयएन लागला. तिथे खातं शून्यापासून सुरू व्हायला हवं होतं. कोणीतरी सोयीसाठी जुने वायटीडी आकडे नव्या सिस्टिममध्ये चढवले आणि वर्षअखेरीस कंपनीने सगळ्या वर्षाचा डब्ल्यू-टू काढला. म्हणजे चुकला तो तुझ्या हातातला. त्यावर १,१८,६०० नाही, ६०,७५० हवेत. ५७,८५० अधिक ६०,७५० करून बघ.

एचआरला आठवा मेल पाठव, पण "जुना रद्द करा" असं लिहू नकोस. "२०२२ चा तुमचा डब्ल्यू-टू जानेवारी ते जूनच्या पीईओ वेतनासह निघाला आहे, तो ६०,७५० वर आणणारा डब्ल्यू-टू-सी काढा" असं लिही. बॉक्स दोन ते सहा आणि न्यू जर्सीचे सोळा-सतरा हेही त्यात सुधारले पाहिजेत. मेल एचआरला नको, पेरोल आणि फायनान्सला पाठव. जुलैत तुझ्यासोबत असलेल्या प्रत्येकाचं हेच झालं असणार, तेही लिही. त्यांची झोप उडेल.

आयआरएसच्या पत्रात चार ओळी पुरेत: नोकरी बदलली नाही, पेरोल बदललं, दुसऱ्या डब्ल्यू-टू मध्ये पहिला मोजलाय, माझ्या रिटर्नमधली बेरीज बरोबर आहे. सोबत दोन्ही स्टब, ३१ डिसेंबरची शेवटची स्टब आणि बारा महिन्यांचे बँकेचे डिपॉझिट. दिलीपकाकांचा हायलायटर इथेही चालेल. आयआरएसच्या खात्यातून २०२२ चा वेज अँड इन्कम ट्रान्स्क्रिप्टही काढ, दोन्ही डब्ल्यू-टू त्यात शेजारीशेजारी दिसतील.

कंपनीने डब्ल्यू-टू-सी दिला नाही तरी घाबरू नकोस. प्रकरण कोर्टात गेलंच आणि तू सगळे कागद वेळेत दिले असशील, तर नुसत्या डब्ल्यू-टूवर विसंबून आयआरएसचं भागत नाही, त्यांनाही पुरावा आणावा लागतो. कलम ६२०१(ड).

सुहास, सोमवार १२ ऑगस्ट, सकाळी ८:४०

मीही हेच म्हणत होतो की डब्ल्यू-टू चुकीचा आहे.

पीईओवर एक स्लाइड पुढच्या मार्चच्या सेमिनारला घालू. मृणाल, तू बोलशील का? वीस मिनिटं. प्रास्ताविक मी करेन.

स्नेहा, सोमवार १२ ऑगस्ट, सकाळी ११:१७

प्रसाद, तुझी मागची कंपनी म्हणजे तीच ना, जिथे माझा नवरा २०२२ च्या ऑक्टोबरपर्यंत होता? आमच्याकडे अजून काहीच आलेलं नाही. आम्ही काय करायचं?

(मोदकांची नोंदणी केली होती, ३८ मध्ये आमचं नाव आहे का?)

मृणाल, सोमवार १२ ऑगस्ट, दुपारी १२:०२

स्नेहा, आजच त्याचा २०२२ चा ट्रान्स्क्रिप्ट काढायला सांग. त्यात दोन डब्ल्यू-टू दिसले आणि बेरीज पगारापेक्षा मोठी निघाली, तर नोटिशीची वाट न बघता कंपनीकडे डब्ल्यू-टू-सी माग. एकाच वेळी तीन-चार जणांनी मागितलं की तिकडे पटकन हलतं.

न्यू जर्सीबद्दल दोघांनाही: फेडरलला आकडा बदलला नाही तर राज्याला काहीच कळवायचं नाही. पण कंटाळून कोणी "मान्य आहे" वर सही केली, तर ९० दिवसांत एनजे-१०४०-एक्स (राज्याचं सुधारित रिटर्न) भरावा लागतो. म्हणजे नसलेल्या पगारावर दोनदा टॅक्स.

अनघा, सोमवार १२ ऑगस्ट, दुपारी १२:३०

स्नेहा, आहे. २१ मोदक.

प्रसाद, शुक्रवार ३० ऑगस्ट, रात्री १०:२५

काल सगळं अपलोड केलं. एकूण १९ पानं, पावतीचा स्क्रीनशॉट ठेवला. सुहासकाकांच्या समाधानासाठी तोच संच सर्टिफाइड मेलनेही टाकला. ऑफिसकडून डब्ल्यू-टू-सी अजून आलेला नाही, पण फायनान्सवाल्या बाईंचा फोन आला होता. पहिलं वाक्य: "तुमच्यासारखे किती जण आहेत?" स्नेहाच्या नवऱ्याचंही नाव सांगून टाकलं.

सुहास, शुक्रवार ३० ऑगस्ट, रात्री १०:३१

हिरवी रिसीट जपून ठेव.

प्रसाद, रविवार १२ जानेवारी २०२५, दुपारी ३:०८

सीपी-२००५ आलं. तुम्ही पाठवलेली माहिती स्वीकारली, प्रकरण बंद, देणं शून्य. डब्ल्यू-टू-सी नोव्हेंबरातच आला होता, ६०,७५० चा, सोबत दिलगिरीची एक ओळही नाही. सोशल सिक्युरिटीच्या साइटवर मात्र २०२२ समोर अजून फुगलेलाच आकडा दिसतोय. मृणालताई म्हणाल्या, तो मार्चपर्यंत सुधारला नाही तर डब्ल्यू-टू-सी घेऊन त्यांच्या ऑफिसात जायचं. नीलेश, पेन्शन गेली तुझी.

मृणालताईंनी फी घ्यायला नकार दिला. शनिवारच्या हळदीकुंकवाला गुळाच्या पोळ्या आमच्याकडून.

अमोल, रविवार १२ जानेवारी, दुपारी ३:२०

मस्त! ढोल कधी नेतोस? गराजला हीटिंग नाही, पान पार सैल पडलंय आणि दोऱ्या उंदरांनी खाल्ल्यात.

अनघा, रविवार १२ जानेवारी, दुपारी ३:४५

पोळ्या किती? ६० कुटुंबांची नोंद आहे. आणि कृपया नवीन धागा सुरू करा.