आई ८१ वर्षांची, व्हॉल्व्ह बदलायला हवा, पण डॉक्टर म्हणतात 'त्या फ्रेल आहेत'

मृण्मयी:

नमस्कार. जरा लांबलचक लिहितेय, पण गेले आठ दिवस डोक्यात दुसरं काही नाही.

आईचा अ‍ॅऑर्टिक व्हॉल्व्ह, म्हणजे हृदयातून शरीराकडे रक्त जातं तिथली झडप, अरुंद झालाय. इकोमध्ये तोंड ०.७ चौरस सेंटिमीटर आणि मीन ग्रेडियंट (झडपेच्या दोन बाजूंच्या दाबातला सरासरी फरक) ४८ आलंय, खाली 'सिव्हिअर' लिहिलंय. वर्षभर आम्हाला पत्ताच लागला नाही, कारण दम लागतो असं ती कधी म्हणालीच नाही. जिना चढताना मधल्या वळणावर थांबायची, चष्मा काढून रुमालाने पुसायची, मग पुढे. मला वाटायचं, काच धुरकट झाली असेल. दोन महिन्यांपूर्वी बाथरूमच्या दारात डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ती मटकन खाली बसली. तेव्हा कुठे तपासण्या झाल्या.

सर्जन ओपन हार्ट नको म्हणाले. पायातल्या धमनीतून व्हॉल्व्ह बसवतात त्या टावीबद्दलही लगेच हो म्हणेनात. आधी तिची चाचणी घेतली. जमिनीवर पाच मीटर अंतराने दोन पट्ट्या चिकटवलेल्या होत्या. नेहमीच्या चालीने तेवढं चालायला तिला नऊ सेकंद लागले. मग हात छातीवर घडी घालून खुर्चीतून पाच वेळा उठायचं होतं. तिसऱ्या वेळी तिने खुर्चीचा हात धरला आणि माझ्याकडे पाहिलं. उत्तर येत नसलं की शाळेतली मुलं बाईंकडे बघतात तसं. मला तिथे उभं राहवेना.

वर्षात वजन ५४ वरून ४८ वर आलंय. हिमोग्लोबिन १०.२, अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन) ३.२. स्मरणशक्ती ठणठणीत, माझ्यापेक्षा चांगली. 'आई फ्रेल आहेत, विचार करून सांगा' एवढंच डॉक्टर म्हणाले.

मला कळत नाहीये ते हे, की ती अशक्त आहे म्हणून ऑपरेशन धोक्याचं, की व्हॉल्व्ह तसाच राहिला म्हणून ती अशक्त होत चाललीय? भाऊ म्हणतो, ताबडतोब करून टाकू. माझा जीव धजावत नाही.

अवधूत:

माझे वडील ८४ वर्षांचे. टावी झाली, चौथ्या दिवशी घरी आले, आता रोज फिरायला जातात. वयाकडे बघू नका. करून टाका.

सुनंदा_फिजिओ:

मृण्मयीताई, मी हृदयशस्त्रक्रियेच्या वॉर्डात एकोणीस वर्षं फिजिओथेरपिस्ट आहे. तशा पट्ट्या मीही चिकटवते. तिसऱ्या वेळी खुर्चीचा हात धरणारी माणसं रोज बघते, म्हणून सविस्तर लिहिते.

फ्रेल म्हणजे म्हातारं नव्हे, नुसतं आजारीही नव्हे. शरीराची गंगाजळी किती उरलीय, त्याचं ते माप आहे. ऑपरेशन, ताप, चार दिवसांचं अंथरूण, असा प्रत्येक धक्का त्या गंगाजळीतून भागवावा लागतो. ७२ व्या वर्षी ती संपलेली माणसं मी पाहिलीत आणि ८८ व्या वर्षी भरलेलीही. पूर्वी डॉक्टर दारातून आत येणाऱ्या पेशंटकडे बघून अंदाज बांधायचे. तो अंदाज फार चुकतो, म्हणून मोजायला लागले. पाच मीटरला सहा सेकंद किंवा जास्त लागले तर चाल मंद धरतात. २०१० मध्ये जोनाथन अफिलालो आणि सहकाऱ्यांनी हृदयशस्त्रक्रिया होणारे ७० च्या पुढचे पेशंट चालवून पाहिले. मंद चालणाऱ्यांत मृत्यू किंवा मोठ्या गुंतागुंतीचा धोका जवळपास तिप्पट निघाला. २०१७ मध्ये त्यांनीच चारच गोष्टींची चाचणी मांडली: खुर्चीतून उठणं, स्मरणशक्ती, हिमोग्लोबिन, अल्ब्युमिन. आईंच्या चारपैकी तीन गोष्टी कमी पडल्यात. पण या तिन्हींवर काही ना काही काम करता येतं, आणि चौथी, जी हातात नसते, ती शाबूत आहे. माझ्या मते तुमच्या सगळ्या पोस्टमधली ही सर्वांत चांगली बातमी आहे.

आता तुमचा प्रश्न. दोन्ही खरं आहे, आणि कुठला वाटा किती हे शोधणं हेच काम आहे. व्हॉल्व्ह अरुंद असला की चालताना शरीराला रक्त पुरत नाही. दम लागतो म्हणून माणूस चालणं कमी करतो, पाय बारीक होतात, भूक मरते. हा वाटा व्हॉल्व्ह उघडला की बराचसा परत येतो. विसरभोळेपणा, झिजलेले गुडघे, फुप्फुसांचा जुना आजार यांतून आलेला वाटा व्हॉल्व्हने परत येत नाही. म्हणून डॉक्टरांना सांगा की आधी काय सुरू झालं: जिन्यावरचं थांबणं, की वजन उतरणं? तुमच्या लिहिण्यावरून तरी जिना आधीचा वाटतो. ती चष्मा पुसण्याची गोष्ट त्यांना जशीच्या तशी सांगा, इकोच्या रिपोर्टात ती येत नाही.

हिमोग्लोबिन १०.२ का आहे, हे कुणी विचारलं का? 'वयामुळे असेल' यावर थांबू नका. अरुंद अ‍ॅऑर्टिक व्हॉल्व्ह आणि आतड्यातून हळूहळू होणारा रक्तस्राव यांची कधीकधी जोडी असते. एडवर्ड हाइड या डॉक्टरांनी १९५८ मध्ये ती नोंदवली. चिंचोळ्या तोंडातून जोराने जाताना रक्त गोठायला मदत करणारं एक प्रथिन तुटत जातं, आणि आतड्यातल्या नाजूक रक्तवाहिन्या पाझरत राहतात. व्हॉल्व्ह बदलला की हा स्राव पुष्कळदा थांबतो. तेव्हा लोह तपासून घ्या, शौचाचीही तपासणी करून घ्या.

ताकद येईपर्यंत थांबू, असं मात्र सहा महिने चालवू नका. अंधारी येणं ही धोक्याची खूण आहे. ओपन हार्ट झेपणार नाही अशा पेशंटवर 'पार्टनर' नावाची मोठी चाचणी झाली, तिचे निकाल २०१० मध्ये आले. वर्षभरात व्हॉल्व्ह न बदलता नेहमीच्या उपचारांवर ठेवलेल्या गटातले निम्मे गेले, टावीच्या गटातले सुमारे ३१ टक्के. घरी दोन्ही आकडे वाचून दाखवा. पहिला तुमच्या भावाच्या बाजूचा आहे, दुसरा तुमच्या. व्हॉल्व्ह बसवूनही दहातले तीन वर्षभरात गेले, आणि गंगाजळीचा प्रश्न तिथेच येतो.

म्हणून तारीख आधी मागून घ्या आणि मधल्या आठवड्यांत तयारी करा. खुर्चीतून उठण्याचा सराव, श्वासाचे व्यायाम, जेवणात प्रथिनं. व्यायाम मात्र घरी यूट्यूब बघून नको. अंधारी येऊन गेलेल्या माणसाने नाडी आणि बीपी बघणाऱ्या कुणासमोरच करावा, आणि छातीत दुखलं किंवा गरगरलं की तिथेच थांबावं. 'जपा' म्हणून अंथरुणातही ठेवू नका. धडधाकट वृद्धांनाही दहा दिवस झोपवून ठेवलं, तर पायांचा जवळपास एक किलो स्नायू गेल्याचं मोजलेलं आहे. आईंकडे तेवढा उधळायला नाही.

हॉस्पिटलात चष्मा रात्रीही हाताशी ठेवा, कानाचं यंत्र असेल तर तेही, आणि दिसेल असं घड्याळ. रात्री भ्रम होतो तो बऱ्याचदा नीट दिसत-ऐकू येत नाही म्हणून वाढतो.

आणि डॉक्टरांना 'टावी जमेल का' एवढंच विचारू नका. 'तीन महिन्यांनी आई काय करू शकतील' हे विचारा. त्याआधी तोच प्रश्न आईंना.

विनायक:

अवधूत, तुमच्या वडिलांचं छान झालं, बरं वाटलं. आमचं तसं झालं नाही, तेही इथे असू दे.

वडील ८३ वर्षांचे होते. टावी व्यवस्थित झाली. पण त्याआधी दोन वर्षं त्यांना विसर पडत होता, आंघोळीला मदत लागायची. चालवून, उठवून कुणी पाहिलं नाही, आम्हीही मागे लागलो नाही. दुसऱ्या रात्री त्यांना भ्रम झाला, सलाईन उपसून काढलं. त्यानंतर ते एकटे कधीच चालले नाहीत. सात महिन्यांनी गेले. इकोत व्हॉल्व्ह शेवटपर्यंत नीट होता.

त्या सगळ्या धावपळीत आम्ही भावंडं आपापसात खूप बोललो. वडिलांना एकदाही धड विचारलं नाही. ते सलतं.

मृण्मयी:

सुनंदाताई, तुमचं उत्तर छापून नेलं. विनायकदादा, तुम्ही लिहिलंत म्हणून मी आईला विचारू शकले.

शौचात रक्ताचा अंश सापडलाय, लोह खूपच कमी आहे. शिरेतून लोह देणं सुरू झालंय, पोटाच्या डॉक्टरांनाही दाखवतोय. सीटी झाला, मांडीतली धमनी टावीला चालेल म्हणाले. नंतर पेसमेकर लागू शकतो, याची कल्पनाही दिली. पाच आठवड्यांनंतरची तारीख मिळालीय. पुन्हा अंधारी आली तर त्याआधीच. भाऊही कबूल झाला.

आई म्हणाली, "मला जिना उतरून खालच्या बाकावर जाऊन बसायचंय, कुणाचा हात न धरता. तेवढं होणार असेल तर करा. होणार नसेल तर मला घरीच राहू दे." डॉक्टरांना हे वाक्य सांगितलं, त्यांनी ते केसपेपरवर लिहून घेतलं.

जिन्यात चष्मा का पुसायचीस, असंही विचारलं तिला. म्हणाली, "तू मागे असायचीस ना. घाबरली असतीस."

आज फिजिओच्या बाईंसमोर ती चार वेळा उठली, हात न लावता. पाचव्या वेळी जरा पुढे वाकली, परत टेकून बसली आणि म्हणाली, "हे उद्या."